‘उन्हाळी लागलीय’ म्हणून सोडून देऊ नका

(वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं)

मागच्या अंकात मूल न राहण्यावर थोडं लिहिलं होतं, बाईच्या तपासण्या होतात पण पुरुषाची साधी तपासणी वर्षानुवर्षं होत नाही असं. त्यावर जी पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज आले त्यातले बरेचसे एकाच गोष्टीभोवती फिरतायत, ती म्हणजे पुरुषांना होणारं खालचं इन्फेक्शन आणि त्याचा शुक्राणूंवर होणारा परिणाम. म्हणून या वेळचं सदर सगळं त्यावरच. नावं छापत नाही, गावाचा नुसता उल्लेख आहे, तेव्हा कुणी कुणाचं पत्र ओळखायचा प्रयत्न करू नका ही विनंती.

प्रश्न: डॉक्टर, लग्नाला चार वर्षं झाली, दिवस राहत नाहीत. माझी सोनोग्राफी, थायरॉइड, नळ्यांची तपासणी सगळं लातूरला करून झालं, सगळं नॉर्मल आहे. ह्यांची तपासणी करायची म्हणलं तर सासूबाई तयारच नव्हत्या, शेवटी ह्यांनी गुपचूप करून आणली. काउंट २२ मिलियन, मोटिलिटी १८ टक्के आणि पस सेल्स १०-१२ असं आलंय. अँटिबायोटिक दिलं, परत रिपोर्ट, परत पस सेल्स, परत दुसरं अँटिबायोटिक, असं तीनदा झालं. ह्यांना दर उन्हाळ्यात लघवीला जळजळ होते, सब्जाचं पाणी पिले की बरं वाटतं म्हणतात. आता नेमकं काय करावं?
— एक वाचक भगिनी, औसा

उत्तर: ताई, आधी एक सांगतो, ह्यांनी रिपोर्ट काढला हेच मोठं काम झालंय. आपल्याकडं कित्येक घरात बाईची दुर्बिणीची तपासणी होऊन जाते तरी पुरुषाचा चारपाचशे रुपयांचा रिपोर्ट झालेला नसतो. जोडप्याला मूल राहत नाही तेव्हा जवळपास निम्म्या वेळा पुरुषाच्या बाजूनंही काही ना काही कारण सापडतं, मग तपासणी एकटीचीच का.

आता रिपोर्ट बघू. जागतिक आरोग्य संघटनेचं वीर्य तपासणीचं सहावं मॅन्युअल २०२१ ला आलं, त्यात खालची मर्यादा धरलीय ती अशी, एका मिलिलिटरमध्ये १६ मिलियन म्हणजे १ कोटी ६० लाख शुक्राणू, त्यातले एकूण हलणारे ४२ टक्के, सरळ पुढं पळणारे ३० टक्के, आणि आकारानं व्यवस्थित असे नुसते ४ टक्के असले तरी चालतं. तुमच्या ह्यांचा काउंट म्हणजे बरा आहे, अडचण आहे ती हालचालीत. पण हे आकडे म्हणजे दहावीचा पास-नापासचा निकाल नव्हे, ज्या पुरुषांच्या बायकांना वर्षाच्या आत दिवस गेले त्यांच्या तपासणीवरून ते काढलेत, त्यामुळं खाली असणाऱ्यालाही मूल होतं आणि वर असणाऱ्यालाही कधीकधी होत नाही. आणि एका रिपोर्टवर कधीच शिक्का मारायचा नसतो. ताप येऊन गेला, सॅम्पल उशिरा पोचलं, चार दिवसाऐवजी पंधरा दिवस संबंध नव्हता, एवढ्यानंही आकडे इकडचे तिकडं होतात.

पस सेल्सचं जास्त नीट समजून घ्या कारण खरा घोळ तिथंच होतोय. वीर्यात साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ज्या गोल पेशी दिसतात त्या सगळ्या पू च्या नसतात, त्यात शुक्राणू बनताना अर्धवट राहिलेल्या कच्च्या पेशीपण असतात आणि त्या दिसायला जवळपास सारख्याच. कुठली कुठली हे ठरवायला पेरॉक्सिडेज चाचणीचा रंग टाकून बघावं लागतं. त्या रंगानं उठून दिसणाऱ्या पांढऱ्या पेशी एका मिलिलिटरमध्ये १० लाखाच्या वर निघाल्या तर त्याला महत्त्व द्यायचं. अशी चाचणी न करता ‘पस सेल्स १०-१२’ एवढ्यावर तीनतीनदा अँटिबायोटिक देणं मला पटत नाही, स्पष्टच सांगतो. पू नसेलच तर गोळ्या काय बरं करणार, आणि पू खरा असेल तर कुठल्या जंतूमुळं आहे ते बघितल्याशिवाय अंदाजानं गोळी बदलत बसलो तर जंतू तेवढे दणकट होतात.

म्हणून आता पुढं असं करा. औषधाची शेवटची गोळी संपून काही आठवडे जाऊ द्या, मग एकाच लॅबमध्ये वीर्याची परत तपासणी, सोबत लघवीची तपासणी आणि कल्चर, म्हणजे जंतू उगवून बघायची तपासणी, आणि जमलं तर क्लॅमिडिया आणि गोनोरिया या संबंधातून लागणाऱ्या जंतूंसाठी पीसीआर तपासणी. वीर्याच्या कल्चरचं सॅम्पल देताना आधी लघवी करून घ्यायची, हात आणि लिंग साबणानं धुवून कोरडं करायचं, नाहीतर कातडीवरचेच जंतू उगवतात आणि रिपोर्ट वाचून घरात रडारड. आणि सगळ्यात मुख्य, ह्यांना डॉक्टरनं झोपवून आणि उभं करून हातानं तपासलं पाहिजे. तुमच्या पत्रात त्याचा कुठंच उल्लेख नाही. अंडकोषाच्या शिरा फुगलेल्या आहेत का ज्याला व्हेरिकोसिल म्हणतात, अंडकोषातल्या गोळीच्या मागची नळी जाड झालीय का, गोळ्यांचा आकार बरोबर आहे का, हे कागदावर कळत नाही. व्हेरिकोसिल तर फार कॉमन आहे आणि त्यानंही हालचाल कमी होते, त्याचा इन्फेक्शनशी काही संबंध नाही.

इन्फेक्शन खरंच असलं तर ते शुक्राणूला त्रास कसं देतं तेही सांगतो, कारण हे कळलं की उपचाराला वेळ का लागतो ते कळतं. जंतूंना मारायला पांढऱ्या पेशी येतात आणि त्या जे ऑक्सिडंट सोडतात ते जंतूसोबत शुक्राणूलाही भाजतात, त्याचं वरचं पातळ आवरण खराब होतं मग शेपटी नीट हलत नाही, आणि डोक्यातला डीएनए तुटतो. तुटलेल्या डीएनएचा आणि गर्भ न टिकण्याचा संबंधही दिसून आलेला आहे. ई कोलायसारखे काही जंतू थेट शुक्राणूला चिकटतात आणि शुक्राणू एकमेकांत गुंतून पडतात. प्रोस्टेट सुजली, वीर्याची पिशवी सुजली की वीर्याचं पाणी कमी होतं, त्यातली साखर म्हणजे फ्रुक्टोज, जी शुक्राणूची शिदोरी असते, ती पण कमी पडते. काहींच्या शरीरात आपल्याच शुक्राणूविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात.

नवा शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात आणि नळीतून बाहेर यायला आणखी आठ-पंधरा दिवस. म्हणजे आज उपचार पूर्ण झाला तर त्याचा खरा रिझल्ट तीन महिन्यांनीच दिसणार, पंधरा दिवसांनी रिपोर्ट काढून निराश व्हायचं काही कारण नाही. आणि प्रामाणिकपणे हेही सांगायला पाहिजे की अँटिबायोटिकनं जंतू जातात, पू कमी होतो, हालचाल सुधारू शकते, पण म्हणून दिवस राहतीलच अशी खात्री कुणी देऊ शकत नाही. देत असेल तर सावध राहा.

आता उन्हाळ्यातल्या जळजळीचं, आपण जिला ‘उन्हाळी लागली’ म्हणतो तिचं. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२-४३ च्या वर जातो, माणूस दिवसभर रानात, पाणी कमी पिलं जातं, लघवी पिवळीजर्द होते आणि जळजळते, हे खरं आहे आणि पाणी पिलं की ते थांबतं हेही खरं. पण पाणी पिल्यानं इन्फेक्शनची जळजळसुद्धा कमी वाटते, इन्फेक्शन तिथंच राहतं. तेव्हा दोन दिवसात थांबली नाही, चड्डीला डाग पडतात, वीर्य पडताना दुखतं, वीर्यात रक्त दिसतं, गोळी जड वाटते, गुदद्वाराच्या पुढच्या भागात सारखं ठणकतं, थंडी वाजून ताप येतो, यातलं काहीही असलं तर सब्जा प्या पण दवाखान्यातही जा. दरवर्षी होतंय म्हणजे शुगर आणि मुतखडा पण एकदा बघून घ्या. आणि गुटखा, तंबाखू चालू असेल तर तो सोडायला लावा, ताई, शुक्राणूचा तो पण वैरीच आहे. तुमचं वय पस्तिशीच्या पुढं असेल तर मात्र एकेका औषधात तीन-तीन महिने घालवू नका, दोन्ही बाजूचे उपचार सोबत चालू द्या.

प्रश्न: सर मी वाळूजला कंपनीत आहे, वय २६. दोन महिन्यांपूर्वी एकीसोबत संबंध आला, कंडोम नव्हता. चार दिवसात पू यायला लागला, जळजळ तर एवढी की लघवीला जायचीच भीती वाटायची. ओळखीच्या मेडिकलवाल्यानं गोळ्या दिल्या, पू थांबला. पण आता डाव्या बाजूची गोळी जड वाटते आणि गाडीवर बसलं की दुखते. मे मध्ये लग्न ठरलंय. मला पुढं मूल होईल ना? घरी कुणालाच माहीत नाही, लई टेन्शन आहे.
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: भाऊ, टेन्शन समजतंय, पण हे पत्र छापून यायची वाट बघत बसला असशील तर आधी उद्या दवाखान्यात जा मग पुढचं वाच.

संबंधानंतर दोन ते सात दिवसात असा भरपूर पू येणं हे बहुतेक वेळा गोनोरियाचं लक्षण, आपल्याकडं जुनी माणसं परमा म्हणायची तो. त्याच्यासोबत क्लॅमिडिया पण बऱ्याचदा असतो आणि तो चोर आहे, जवळपास निम्म्या पुरुषांना त्याचं काहीच लक्षण दिसत नाही. मेडिकलमधल्या गोळीनं पू थांबतो, पण दोन्ही जंतू मेले का हे त्यावरून कळत नाही, आणि गोनोरियाचा जंतू तर पूर्वीच्या बऱ्याच गोळ्यांना आता दादच देत नाही. राहिलेलं इन्फेक्शन मूत्रमार्गातून मागं मागं सरकत गोळीच्या पाठीमागं जी गुंडाळलेली बारीक नळी असते, एपिडिडायमिस, तिथं जाऊन बसतं. तुझी जड वाटणारी गोळी त्यामुळं असू शकते, दुसरं काही असू शकतं, ते तपासूनच कळेल.

मुलाच्या प्रश्नाचं उत्तर. वेळेत पूर्ण उपचार झाला तर बहुतेकांना पुढं काही अडचण येत नाही, एका बाजूची नळी खराब झाली तरी दुसरी काम करते. भीती असते ती उपचार अर्धवट राहून दोन्ही बाजूंनी सूज येते तेव्हा. सूज ओसरल्यावर नळीत आतून व्रण राहतो आणि वाट बुजते, मग ठिबकच्या नळीत क्षार बसल्यावर होतं तसं होतं, विहिरीला पाणी आहे, मोटर चालू आहे आणि झाडापाशी थेंब नाही. गोळी शुक्राणू बनवत असते पण वीर्यात एकही येत नाही. असं झालं तरी सुईनं गोळीतून शुक्राणू काढून टेस्ट ट्यूब बेबीची सोय आहे, पण तो खर्च लाखाच्या वर जातो आणि आज पंधरवड्याच्या उपचारात जे टळतंय त्यासाठी ती वेळ का आणायची.

घाटीत, म्हणजे तिथल्या सरकारी मेडिकल कॉलेजात जा आणि ‘सुरक्षा क्लिनिक’ विचार. जिल्हा रुग्णालयं आणि सरकारी मेडिकल कॉलेजांमध्ये हे क्लिनिक असतं, गुप्तरोगाची तपासणी आणि औषध फुकट, तिथं रोगाप्रमाणं वेगवेगळ्या रंगाचे औषधांचे किट ठरलेले आहेत. तुझ्या गोळीला सूज असेल तर जास्त दिवसांचं औषध लागेल, ते डॉक्टर ठरवतील, तू ते शेवटच्या डोसपर्यंत घ्यायचं. सोबत एचआयव्ही, गरमी म्हणजे सिफिलिस आणि कावीळ बी ची रक्ततपासणी करून घे, आणि एचआयव्हीची तीन महिने पूर्ण झाल्यावर परत एकदा कर. फोनवर विचारायचं असेल तर १०९७ हा एड्स हेल्पलाइनचा फुकट नंबर आहे, नाव सांगावं लागत नाही.

जिच्यासोबत संबंध आला तिला सांगणं भाग आहे. तिला कदाचित काहीच त्रास होत नसेल आणि आतून नळ्या खराब होत असतील. आणि लग्नाआधी हे सगळं निपटलं पाहिजे, तपासण्या निगेटिव्ह आल्याशिवाय लग्नाची तारीख आली तरी कंडोमशिवाय संबंध नको, गरज पडली तर तारीख पुढं ढकल. येणाऱ्या मुलीची यात काहीच चूक नाही, तिच्या अंगात हे जाता कामा नये, यावर मी तडजोड करायला तयार नाही. वीर्याची तपासणी आत्ता नको, उपचारानंतर तीन महिन्यांनी हवी तर कर.

प्रश्न: माझ्या १६ वर्षांच्या मुलाला गालफुगी झाली होती, पाचव्या-सहाव्या दिवशी खालची एक गोळी सुजली, खूप दुखत होती, आता बरी आहे. शेजारच्या काकू म्हणतात आता त्याला मूल होणार नाही. झोप लागत नाही.
— एक आई, सेलू

उत्तर: मावशी, काकूंचं मनावर घेऊ नका. गालफुगी म्हणजे गालगुंड, हा व्हायरस आहे. लहान मुलात गोळी सुजणं क्वचित, वयात आल्यावर मात्र साधारण १५ ते ३० टक्के जणांना होतं, गाल सुजल्यावर आठवडाभरात. बहुतेक वेळा एकच बाजू सुजते. ती गोळी नंतर थोडी बारीक होऊ शकते, पण दुसरी चांगली असली की मूल व्हायला अडचण येत नाही, पूर्ण वंध्यत्व फार थोड्यांना. सहा-आठ महिन्यांनी एकदा डॉक्टरला गोळ्यांचा आकार दाखवा, बास. सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस आहे, त्यात गालगुंड नाही, गालगुंडासकटची एमएमआर लस बाहेर विकत घ्यावी लागते, धाकटं लेकरू असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारा.

एक मात्र सगळ्याच आयांनी लक्षात ठेवा. गालफुगी वगैरे काही नसताना पोराची गोळी एकदम दुखायला लागली, उलटी होतेय, तर ते इन्फेक्शन समजून घरी शेकत बसू नका. गोळीला पीळ पडलेला असू शकतो, सहा तासाच्या आत ऑपरेशन झालं तर गोळी वाचायची शक्यता चांगली असते. रात्र असो नाहीतर दिवस, गाडी काढायची. पोरं लाजून सांगत नाहीत, त्यामुळं आधीच सांगून ठेवा की असं झालं तर मला उठव.

प्रश्न: आम्ही दोघं दरवर्षी ऊसतोडीला कारखान्यावर जातो. एक पोरगी आहे सात वर्षांची, त्याच्यानंतर दिवस राहिले नाहीत. मालकिणीला अंगावरून पांढरं जातं, वास येतो, ओटीपोट दुखतं. मलाबी अधूनमधून जळजळ होते. गावाकडच्या एका दवाखान्यात म्हणले पिशवीच काढून टाका. आम्हाला तर अजून एक लेकरू पाहिजे. पहिलं झालं म्हणजे माझ्यात तर दोष नसंल ना?
— एक वाचक, धारूर

उत्तर: दादा, पहिलं लेकरू झालं म्हणजे पुढं दोष येतच नाही असं नसतं. सात वर्षांत दोघांपैकी कुणालाही इन्फेक्शन होऊन नळी खराब होऊ शकते, त्यामुळं तपासणी तुमचीही व्हायलाच पाहिजे.

गर्भपिशवी काढायची नाही. दुसरं लेकरू पाहिजे म्हणताय आणि पांढरं जातंय एवढ्यावरून पिशवी काढा म्हणणं मला अजिबात मान्य नाही. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायांच्या पिशव्या कशा काढल्या गेल्या ते २०१९ ला सगळ्या महाराष्ट्रानं बघितलंय. वास येणारं पांढरं आणि ओटीपोटात दुखणं ही बऱ्याचदा औषधानं बरी होणारी गोष्ट आहे. पण औषध दोघांनी एकाच वेळी घ्यायला पाहिजे, हे यातलं मुख्य. क्लॅमिडिया, गोनोरिया, ट्रायकोमोनास हे जंतू दोघांत फिरत राहतात, पुरुषाला बऱ्याचदा काहीच त्रास नसतो त्यामुळं तो गोळी घेत नाही, बाई बरी होते आणि महिन्यात परत तेच. मग तिलाच दोष, की हिला सारखंच काहीतरी होतं.

कोपीवर राहताना पाणी नाही, संडास नाही, पहाटेपासून फडात, पाळीत कापड बदलायला आडोसा नाही, तिथं बाईनं स्वच्छता ठेवावी असं नुसतं सांगणं सोपं आहे, मी ते सांगणार नाही. जे हातात आहे ते सांगतो. दसऱ्यानंतर गाडी भरायच्या आधी दोघंही अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजला नाहीतर बीडच्या जिल्हा रुग्णालयात जा, सुरक्षा क्लिनिकमध्ये दोघांची तपासणी करून औषध घ्या, संपेपर्यंत आणि त्यानंतर आठवडाभर संबंध नको. त्रास मध्येच उठला तर सांगली, कोल्हापूरकडं पण सरकारी जिल्हा रुग्णालयात हेच क्लिनिक आणि हेच फुकट औषध आहे, जुना कागद सोबत ठेवा. खाडा पडतो हे माहीत आहे मला, उचल अंगावर असते, तरीपण ओटीपोट दुखून ताप आला तर तो एक दिवस मोडा. तुमची वीर्यतपासणी उन्हाळ्यात परत आल्यावर करू, आणि तेव्हा मला कळवा.

प्रश्न: मला पाच वर्षांपूर्वी फुफ्फुसाचा टीबी झाला होता, कोर्स पूर्ण केला. आता उजव्या गोळीच्या मागं कडक गाठ लागते, दुखत नाही. वीर्यही फार कमी येतं. वय ३३, मूल नाही.
— एक वाचक, हदगाव

उत्तर: न दुखणारी गाठ म्हणून थांबू नका, कडक गाठ कुठलीही असो, या आठवड्यात अंडकोषाची सोनोग्राफी करा, कारण गोळीचा कॅन्सर तरुण वयात जास्त होतो आणि तोही बहुतेक वेळा दुखत नाही. तुमच्या बाबतीत टीबीची शंका पण मोठी आहे. टीबी रक्तातून एपिडिडायमिसमध्ये, प्रोस्टेटमध्ये जाऊन बसतो, नळी गाठी-गाठीची लागते, लघवीत पस सेल्स दिसतात आणि साध्या कल्चरमध्ये काहीच उगवत नाही. त्यासाठी सकाळच्या पहिल्या लघवीचे तीन दिवसांचे नमुने आणि सीबीनॅट, म्हणजे टीबीचा जंतू शोधायची तपासणी, करतात, नांदेडच्या सरकारी मेडिकल कॉलेजात विचारा, निदान झालं तर औषध सरकारी आणि मोफत आहे. टीबी बरा झाला तरी बुजलेली वाट पुष्कळदा उघडत नाही, वीर्य कमी येणं हे त्याचंच लक्षण असू शकतं, तेव्हा आशा सोडू नका पण पुढं टेस्ट ट्यूब लागू शकते हे मनात धरा. तेव्हा सेंटर निवडताना २०२१ च्या एआरटी म्हणजे टेस्ट ट्यूब उपचारांच्या कायद्याखाली त्याची नोंदणी आहे का हे विचारायचं, तो तुमचा हक्क आहे.

प्रश्न: लॅबमध्ये सॅम्पल द्यायला लाज वाटते, तिथं जमतच नाही. घरून डबीत घेऊन एसटीनं परभणीला नेलं तर चालतं का?
— एक वाचक, जिंतूर

उत्तर: लाज सगळ्यांनाच वाटते, पहिल्यांदा न जमणाऱ्यांची संख्या कमी नाही. पण एसटीनं नको. सॅम्पल निघाल्यापासून अर्ध्या तासात, फार तर तासाभरात सूक्ष्मदर्शकाखाली गेलं पाहिजे, उशीर झाला की शुक्राणू आपोआप मंद होतात आणि चांगल्या माणसाचा रिपोर्ट खराब येतो. परभणीत नातेवाइकाचं घर असेल किंवा तासाभरासाठी लॉज घेता येत असेल तर तिथं काढा. आधी दोन ते सात दिवस संबंध किंवा हस्तमैथुन नको. डबी लॅबमधूनच घ्या, साधा कंडोम वापरू नका, त्यातल्या चिकट पदार्थानं शुक्राणू मरतात, आणि पहिला थेंब सांडला तर तसं लॅबवाल्याला सांगा कारण सगळ्यात जास्त शुक्राणू सुरुवातीच्या भागातच असतात. डबी शर्टाच्या आतल्या खिशात अंगाला लागून ठेवायची, गाडीच्या डिक्कीत नाही, आणि डबीवर नाव आणि वेळ लिहायची.